शिवलेला पासपोर्ट

व्हिसा केंद्राच्या दारात सकाळी पावणेआठला बाइंडर आणि त्याची बायको रांगेत उभे राहिले, तेव्हाच दोघं दमलेले होते. रांगेचा दोष नव्हता. गेल्या दीड महिन्यातली सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे ही रांग. निदान इथं आपल्या पुढे कोण आणि मागे कोण हे तरी कळत होतं.

बाकी सगळ्या प्रकाराने त्यांच्या नाकीनऊ आणले होते. विमा काढायला गेले तर विमावाला म्हणाला, प्रवासाच्या तारखा सांगा. तारखा ठरवायच्या तर तिकीट हवं. तिकीटवाली म्हणाली, व्हिसा आहे का? आणि व्हिसासाठी आधी जायचं-यायचं दोन्ही तिकीट लागतं. "जायची परवानगी नाही, पण परत यायचं मात्र पक्कं करून ठेवा," असं बाइंडर रोज एकदा तरी म्हणत असे. फोटो तीनदा काढावे लागले. पहिल्यात बायकोचे कान झाकले गेले होते. दुसऱ्यात ती किंचित हसली होती. फोटोवाला म्हणाला, "काकू, तुम्ही लेकीकडे चाललाय हे चेहऱ्यावर दिसता कामा नये." मग तिसऱ्या फोटोत ती अशी काही बसली, की बाइंडर म्हणाला, हा फोटो बघून तुला कोणी आत घेणार नाही, आणि घेतलं तर बाहेर सोडणार नाही.

एवढी यातायात चालली होती ती लेकीसाठी. बुटकी म्हणत ते तिला. उंचीने आता ती बापाच्या डोक्यावरून गेली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्या परक्या देशात, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. जावई तेव्हा कामावर होता. ती एकटीच टॅक्सी बोलावून इस्पितळात गेली आणि एकटीच परत आली. आईने हाय खाल्ली. दोघांचे पासपोर्ट तेव्हाच घाईघाईने काढले, पण व्हिसाचे कागद जमेपर्यंत लेक कामावर रुजूसुद्धा झाली होती. "आता येऊन काय करणार, आई?" असं ती फोनवर म्हणाली, आणि ते वाक्य आईच्या उरात रुतून बसलं. या खेपेला आठवा सरत आला होता, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, जावयाच्या कामाच्या पाळ्या चुकत नव्हत्या. आईने शब्द दिला होता, मी येतेच. अजून पाच आठवडे हातात होते.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. केंद्राने दिलेल्या सूचनांची दोन पानं बाइंडरने चष्मा पुसून पुसून वाचली होती. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. होता. दोन पानं कोरी हवीत. सगळीच कोरी होती. पासपोर्ट सुस्थितीत हवा, सुटलेली किंवा फाटलेली पानं चालणार नाहीत. इथं त्याचा चष्मा थांबला. त्याचा स्वतःचा पासपोर्ट काढल्या दिवसापासून पाकिटातून बाहेर आला नव्हता. बायकोचा मात्र दोन वर्षांत खिळखिळा झाला होता. दुपारी कामं उरकली की ती कपाटातून तो काढायची, मांडीवर उघडा ठेवायची, तारीख बघायची आणि परत ठेवायची. उघडून उघडून मधलं पान शिवणीतून सैल पडलं होतं.

आता चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाच्या हातात सैल शिवण आली, तर त्याचे हात स्वस्थ बसतील का? ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, वकिलांच्या फायली, कॉलेजांची जाडजूड प्रबंध, सगळं गाव त्याच्याकडे मोडकं घेऊन यायचं आणि धड घेऊन जायचं. दुकानात दिवसभर खळीचा वास आणि कापलेल्या कागदाच्या कपच्या. एका दुपारी त्याने दुकानाचं दार लोटलं, पासपोर्टाचा जुना दोरा ब्लेडने अलगद काढला, पानं सारखी केली, मेण लावलेल्या दोऱ्याने त्याच भोकांतून नवी शिवण घातली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पातळ खळ दिली आणि रात्रभर दाबाखाली ठेवला. असं नाजूक काम त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. घरी आणून बायकोपुढे धरला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "नव्यासारखा झालाय की!" बाइंडर त्या रात्री खुशीत जेवला.

केंद्रात त्यांचा नंबर साडेदहाला लागला. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, आवाजाने मऊ आणि डोळ्यांखाली काळी. तिलाही हे काम पुरेपूर भोवलेलं दिसत होतं. तिने आधी बाइंडरचा अर्ज घेतला. लेकीच्या गावच्या नगरपालिकेचा शिक्का असलेलं निमंत्रण, विमा, तिकिटं, सगळं जागच्या जागी. मग बोटांचे ठसे. तिथं मात्र यंत्र रुसलं. चाळीस वर्षं कागद आणि खळ हाताळून त्याच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. पुसून झालं, फुंकून झालं, मुलीने ओला रुमाल दिला तोही झाला.

"काका, जरा दाबा."

"अगं, आणखी दाबलं तर तुझं यंत्र बाइंड होईल."

बायको हसली. मुलगीही हसली. अकराव्या खेपेला यंत्राने हिरवा दिवा दाखवला, आणि बाइंडरला वाटलं, चला, आजची पीडा टळली.

मग मुलीने बायकोचा पासपोर्ट उघडला. पहिलं पान पाहिलं, मधलं पान पाहिलं, आणि परत मधलं पान पाहिलं. टेबलावरचा निळा दिवा लावून तिने पासपोर्ट त्याखाली धरला. मग उठून आत गेली आणि एका साहेबाला घेऊन आली. साहेबाने शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हा उघडलाय कुणी?" साहेबाने विचारलं. "मूळ दोरा दिव्याखाली चमकतो. हा चमकत नाही."

बाइंडर काही बोलणार इतक्यात बायको पुढे झाली.

"माझ्याकडून पडला असेल कुठंतरी," ती म्हणाली. "मी फार हाताळते तो."

"पडून दोरा बदलत नाही, बाई."

"मी शिवला," बाइंडर म्हणाला. "माझा धंदाच आहे तो. पान सैल झालं होतं. तुमच्या कागदावर लिहिलंय, सुटलेली पानं चालणार नाहीत."

साहेबाने त्याच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. "सुटलेली म्हणजे निघून आलेली, काका. जराशी सैल तर दर दहातल्या दोघांची असतात. तसाच आणला असता तर आम्ही घेतला असता. आता हा आम्हाला घेता येत नाही. नवीन काढा, अर्जात काय झालं ते खरं लिहा. दीड-दोन महिने लागतील."

दीड-दोन महिने. बाइंडरने मनातल्या मनात आठवडे धरून पाहिले, आणि ते कुठल्याही बाजूने धरले तरी बाळ आधी येत होतं. आयुष्यभर त्याने लोकांची पुस्तकं नीट केली, कोणी कधी नावं ठेवली नाहीत, आणि घरातलं एकच पुस्तक नीट करायला घेतलं ते असं. त्याला त्या क्षणी स्वतःच्या हातांची किळस आली.

"काकांचा अर्ज ठेवू ना?" मुलीने हळूच विचारलं. "की तोही परत घेताय?"

"परत द्या," बाइंडर म्हणाला. "मी एकटा जाऊन काय करणार?"

"ठेवा," बायको म्हणाली.

"अगं, पण..."

"ठेवा म्हणतेय ना मी." एवढं बोलून तिने आपला पासपोर्ट उचलला, पिशवीत टाकला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. ती रडली नाही. रडली असती तर बाइंडरला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी फोनवर तिने लेकीला सांगितलं, माझ्या पासपोर्टात काहीतरी खराबी निघाली, मला यायला जमणार नाही, बाबा येतील. पलीकडून बुटकी म्हणाली, "बाबा? बाबा येऊन काय करणार? राहू दे, आई. आम्ही करू काहीतरी." बाइंडर शेजारीच उभा होता. खराबी कोणी केली हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. बायकोनेही सांगितलं नाही. फोन ठेवून ती पोळ्या लाटायला गेली.

पुढचे दिवस तिने त्याच्या डोक्यावर बसून त्याला शिकवलं. भात, वरण, मऊ खिचडी. बाळाला उचलताना मान कशी धरायची, हे दुमडलेल्या उशीवर. "तुमची ती भली मोठी वही उचलता तसं नको. खालून हात घाला." तो निमूटपणे करायचा. एकदा उशी हातातून निसटली तेव्हा ती चटकन म्हणाली, "गेली तुमची नात!" आणि स्वतःच तोंड फिरवून उभी राहिली. सतराव्या दिवशी त्याचा व्हिसा आला. निघताना तिने एवढंच म्हटलं, "तिला सांगा हं, मला यायचं होतं."

दोन विमानं आणि मधले सात तास खुर्चीत काढून बाइंडर त्या देशाच्या वेशीवर पोहोचला, तेव्हा त्याच्या पायांत गोळे आले होते. काचेमागच्या अधिकाऱ्याने निमंत्रण पाहिलं, विमा पाहिला, परतीचं तिकीट पाहिलं. कशासाठी आलात? मुलीचं बाळंतपण. किती दिवस? साठ. मग त्याने कागदावर बोट ठेवून विचारलं, निमंत्रण दोघांना आहे, तुम्ही एकटेच कसे?

बाइंडरला उत्तर बायकोने पाठ करून दिलं होतं, तब्येत बरी नाही म्हणून. पण तो इतका थकला होता, की खोटं जुळवायचंही त्राण उरलं नव्हतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, बायकोचा पासपोर्ट मी खराब केला. मी. या हातांनी. असं म्हणून त्याने दोन्ही हात काचेपुढे धरले. अधिकाऱ्याने त्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि शिक्का मारला.

जावयाची पाळी होती. त्याने टॅक्सी पाठवली होती. चार मजले चढून बाइंडरने बेल वाजवली. आतून पावलं आली, जड, थांबत थांबत. बुटकीने दार उघडलं. पोट पुढे, पाय सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. तिने आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्या मागे, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. आई येणार नाही हे तिला तीन आठवडे ठाऊक होतं, तरी पाहिलं.

"या बाबा," ती म्हणाली. "दमला असाल."

"थांब," तो म्हणाला. उंबऱ्याबाहेरच उभा होता, पिशवी खांद्याला. "तुझ्या आईच्या पासपोर्टात काही खराबी नव्हती. मी तो उसवला आणि शिवला. नीट करायला गेलो. नसता शिवला तर आज ती इथं असती. तिने तुला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही."



"तुम्ही पासपोर्ट शिवलात," ती म्हणाली.

"हो."

"बाबा, मला आई हवी होती." तिचा आवाज चढला. "दोन वर्षं झाली, मी एकदासुद्धा कुणाला म्हटलं नाही. मला आई हवी होती!"

"हो गं."

"तुम्ही नको होतात!"

"हो," बाइंडर म्हणाला. "मलाही माहितीये. पण मीच आलोय."

तेव्हा ती रडली. दोन वर्षांपूर्वी एकटीने जाऊन एकटीने आल्यावर जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली, आणि दार तसंच उघडं टाकून बापाच्या छातीवर डोकं टेकवलं. मध्ये तिचं पोट येत होतं. बाइंडरने एक हात तिच्या मानेखाली घातला, खालून, सांभाळून. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरात आली होती आणि हाताला कळ लागली होती, पण ती खाली ठेवायला त्याने लेकीला सोडलं नाही.