चापटीवर चालणारा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, रुग्णालयातला. आजाऱ्याच्या घशात कफ अडकला की माझी नळी आत घालतात आणि मी तो ओढून काढतो. काम किळसवाणे आहे खरे, पण माणसाचा श्वास मोकळा होतो.

कारखान्यात बादलीभर पाणी ओढायला लावून मला पास केले गेले. पुढे वॉर्डात नऊ वर्षे मी एकदाही रुसलो नाही. एका गवंड्याचा जीव वाचला, तेव्हा त्याच्या बायकोने मला स्वतःच्या रुमालाने लख्ख पुसून काढले. मी दोन दिवस हवेत होतो.

मग वय झाले. बटण दाबले तरी मी गप्प बसू लागलो. एकदा एका नर्सने वैतागून माझ्या डाव्या कुशीवर चापट मारली आणि मी सुरू झालो. झाले! तेव्हापासून नव्या नर्सला औषधांच्या कपाटाबरोबर माझी चापटही शिकवली जाऊ लागली. दर सहा महिन्यांनी तपासनीस येत. ते येण्याआधी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर मला चापट मारून जागे करत आणि तपासनीस माझ्या पाठीवर 'ठीक' असा हिरवा कागद चिकटवून जात. सगळे कसे आलबेल!

त्या वॉर्डात एक नर्स आली. सगळ्यांचे अक्षर सुधारायची, म्हणून तिला मास्तरीण म्हणत. एका दुपारी एका आजींचा श्वास कोंडला. मास्तरणीने मला एक चापट मारली, दोन मारल्या, तीन मारल्या. शेजारी उभ्या असलेल्या दोघी नर्स घाबरून गेल्या. सहाव्या चापटीला मी सुरू झालो, तोवर आजींचे ओठ निळे पडले होते. आजी वाचल्या. मास्तरणीने लगेच रुग्णालयाच्या साहेबांना लिहिले, 'हा पंप वापरू नये.'

"अगं, वर कशाला कळवतेस? चालतोय ना अजून?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"चालत नाहीये, सिस्टर. आपण मारून मुटकून चालवतोय."

"साहेब मलाच झापतील. माझ्या पोटावर पाय आणशील तू!"

तपासणीच्या दिवशी मास्तरीण माझ्यासमोर उभी राहिली. "आज याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. तपासनीसांनी बटण दाबले. मी गप्प. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. आणि काय सांगू, मित्रांनो, मेल्या मला नेमकी तेव्हाच तरतरी आली! मी आपोआप सुरू झालो. त्या क्षणाइतकी लाज मला कधीच वाटली नाही.

हिरवा कागद लागला. साहेबांनी मास्तरणीला खोटारडी ठरवून चादरींच्या खोलीत धाडले. त्या दोघी नर्सना विचारले, तर त्या म्हणाल्या, "आमचं लक्ष नव्हतं." त्यांनाही घरदार होते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. खरे सांगायचे तर देतो.

पुढच्याच महिन्यात एका सुताराला माझी गरज पडली. त्याच दोघी मला बडवत राहिल्या. मी सुरू झालो, पण फार उशिरा. मृत्यूच्या कागदावर 'कफ फार होता' असे लिहिले गेले. पंपाचे नाव कुणी काढले नाही. मास्तरणीचे काय झाले, ते सगळ्यांनी पाहिले होते.

मग मलाही चादरींच्या खोलीत टाकून दिले. एका सकाळी सुताराची मुलगी तिथे आली.

"ताई, बाबांच्या वेळी पंप बंद पडला होता का? वॉर्डात कुणी बोलतच नाही."

"मी तेव्हा तिथे नव्हते, बाळा. पण तो आधीपासून बंद पडत होता. मी लेखी दिलं होतं." मास्तरणीने आपल्या कागदाची प्रत तिच्या हातात ठेवली.

"तुम्हाला त्रास होईल ना?"

"होईल."

आठवड्याभरात मास्तरणीची नोकरी गेली. आता तिथे दुसरीच कुणी चादरींच्या घड्या घालते. ती दिवसभर तोंड उघडत नाही.

मित्रांनो, वस्तू वेळेवर दुरुस्त करा, हे कुठलाही पंप सांगेल. मला वेगळेच सांगायचे आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब होईल, कुणी शेजारी उभे राहून काम करणारे. 'हे धोक्याचं आहे' असे कुणी एकटीने म्हटले, तर जमिनीकडे पाहू नका. 'मीही पाहिलं' एवढे दोन शब्द बोला. त्या दोघींपैकी एकीने जरी ते म्हटले असते, तरी सुतार आज आपल्या घरी असता.