निम्म्या बिलाचं घर

दादाला बाबांचं घर विकायचं होतं आणि मला त्याला अडवायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर उगाच मी साळसूद दिसायला नको. बाबांना कोण ठेवून घेणार हे ठरायचं होतं, पण आधी भाव ठरू दे, असं आमचं एकमत होतं.

एजंटने सांगितलं, हल्ली गिऱ्हाईक घराआधी दाखला बघतं. घर ऊब धरून ठेवतं की भिंतींतून उधळून देतं, त्यावर पहिली ते सातवी श्रेणी. पहिल्या तिनांत आलात तर किंमत दहा टक्क्यांनी वर. दादाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने बाबांची पाच वर्षांची विजेची बिलं फाइलला लावली आणि पोराचा निकाल दाखवावा तशी ती सगळ्यांना दाखवत सुटला.

"शेजाऱ्यांच्या निम्मं बिल, तेही भर थंडीत! घर नाही, थर्मास आहे थर्मास!"

आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच. आम्ही रविवारी फोन करायचो, तोही आळीपाळीने. दोघांनी एकाच रविवारी करण्याइतका उमाळा आम्हाला कधी आला नाही.

तपासनीस बाई यायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हजर. घर तापवून ठेवा, म्हणजे ऊब कुठून निसटते ते कॅमेऱ्यात दिसेल, असा त्यांचा निरोप होता. दादा हॉलमधला हीटर लावायला गेला. पाच वर्षांपूर्वी आम्हीच तो घरपोच पाठवला होता, मोठ्या मायेने. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. वायरची गुंडाळीही कुणी सोडली नव्हती.

"नवाकोरा ठेवलाय! वस्तू जपावी तर बाबांनी," दादा कौतुकाने म्हणाला. मीही हसले.

बाईंनी खोलीखोलीतून कॅमेरा फिरवला. खिडक्यांच्या कडा, छत, दाराखालची फट, सगळीकडून ऊब पळत होती.

"सहावी श्रेणी," त्या म्हणाल्या.

दादाने फाइल पुढे सरकवली. "अहो, बिलं तरी बघा!"

"बिलं आम्ही धरत नाही. भिंती, खिडक्या आणि छत बघतो." तरीही त्यांनी चार पानं उलटली. मग स्वयंपाकघरात बसलेल्या बाबांकडे पाहिलं. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. "काका, तुम्ही हीटर लावतच नव्हता का?"

"कशाला लावायचा?" बाबा म्हणाले. "हाच म्हणाला होता, बिल कमी दिसलं की घराला भाव येतो. म्हटलं, आपल्यामागे पोरांना चार पैसे जास्त मिळतील."

दादाला आठवेना. मला आठवलं. हीटर पाठवला त्याच आठवड्यात तो माझ्यासमोरच बाबांशी फोनवर तसं बोलला होता, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून. आणि मी? "थंडी काय म्हणते?" असं दर हिवाळ्यात विचारायचे. ते "मजेत" म्हणायचे आणि मी सुटल्यासारखी फोन ठेवायचे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंना चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही.

बाई गेल्या. दादा फाइल घेऊन कोपऱ्यात एजंटशी फोनवर हळू आवाजात बोलत बसला. बाबा उठले, हॉलमध्ये आले आणि त्यांनी हीटरचं बटण बंद केलं.

"राहू द्या ना, बाबा. ऐकलंत ना, बिल कुणी धरत नाही."

"त्या बाई नाही धरत. गिऱ्हाईक विचारेलच की. या महिन्याचं बिल अजून यायचंय."

खुर्चीवर टाकलेलं प्लास्टिक त्यांनी उचललं, नीट झटकलं. पण हीटर तापलेला होता, प्लास्टिक चढवता येईना. म्हणून तो निवायची वाट बघत बाबा तिथेच उभे राहिले, दोन्ही हात त्याच्यावर धरून.