गेरूला फिट येते

मित्रांनो, मी गेरू. मी एक तरुण सेटर कुत्रा आहे. आत्मवृत्त सांगायला फाटकी छत्री, मोडकी सायकल नाहीतर म्हातारा वटवृक्षच लागतो असा काही नियम असेल, तर मला माफ करा. माझं वय अवघं दोन वर्षं. पण तेवढ्यात मी चार घरं, एक खांब आणि हुंगायला दिलेली एक चप्पल इतकं पाहिलं आहे, की सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी आमच्या घराण्याविषयी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ तुम्हाला कळेल. गवतात पक्षी दडला असेल तर तो वासावरून ओळखायचा, हे आम्हा सेटर मंडळींचं काम. वास आला की आहे तिथे थिजून उभं राहायचं. पुढचा एक पाय उचलायचा, शेपूट सरळ धरायची, आणि मागच्या माणसाला न बोलता सांगायचं, ‘जपून, पुढे कुणीतरी आहे.’ भुंकायचं नाही, झेप घ्यायची नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. माशाच्या पिलाला पोहायला कोण शिकवतं?

माझा जन्म शहराबाहेरच्या एका शेडमध्ये, पिंजऱ्यात झाला. तिथे पिल्लं विकायचा धंदा चाले. एका कुटुंबाने वाढदिवसाची भेट म्हणून मला विकत घेतलं, अकराव्या मजल्यावर नेलं आणि माझं नाव रस्टी ठेवलं. पहिले दोन महिने माझ्यासोबत रोज फोटो निघाले. मग मी वाढलो. माझे तांबडे केस सोफ्यावर, गालिच्यावर, आमटीत दिसू लागले. पुढे त्यांची बंगळुरूला बदली झाली. सोफा ट्रकमध्ये चढला. मी नाही.

एका सकाळी त्यांनी मला मार्केट यार्डात नेलं, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांमागे एका खांबाला बांधलं आणि पुढ्यात बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला. गाडी वळली तेव्हा मी शेपूट हलवत होतो. मला वाटलं, भाजी घेऊन येतील.

दुपार झाली तरी कुणी आलं नाही. तेव्हा दशरथ नावाच्या एका हमालाने पाठीवरची गोणी उतरवली आणि माझ्यापुढे पाणी ठेवलं. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. बाकीच्या हमालांना तो म्हणाला, “कांद्याची गोणी बी कुणी अशी टाकून जात न्हाई. ह्यो तर जिता जीव हाय.” त्यानेच कुणाकुणाला विचारून प्राण्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. तासाभरात शेफाली रिक्षा घेऊन आली. शेफाली म्हणजे त्या संस्थेत काम करणारी, एका दमात बोलणारी मुलगी. तिने मला कर्वेनगरला मंदाकिनीबाईंच्या घरी पोहोचवलं.

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत आणि एकट्या राहतात. कायमचं घर मिळेपर्यंत माझ्यासारख्यांना त्या सांभाळतात. दार उघडल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“नाव काय याचं?”

“रस्टी, मावशी.”

“रस्टी म्हणजे गंजलेला. चांगल्या धडधाकट जिवाला हे नाव? गेरू म्हणू या. आणि याला सांग, दुपारी एक ते चार या घरात कुणी आवाज करत नाही.”

त्या दिवसापासून मी गेरू झालो. बाईंची माया बोलण्यात दिसायची नाही. बोलण्यात कोकमाचा आंबटपणाच जास्त. पण माझ्या कानातले गुंते सोडवताना त्यांचे हात इतके हळू चालत, की मला तिथेच झोप लागे. मात्र मी तिथला पाहुणा होतो. बाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि ऑपरेशन आधीच एकदा पुढे ढकललेलं होतं. नवी तारीख होती पुढच्या महिन्याची दहा. त्याआधी मला घर मिळालं नाही, तर शहराबाहेरच्या आश्रयगृहातला पिंजरा माझी वाट पाहत होता. शेफाली हे हलक्या आवाजात सांगत होती. पण मित्रांनो, आमचे कान तुमच्यापेक्षा बरे असतात.

मग मला स्थळं येऊ लागली. अगदी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखं. बाई मला विंचरायच्या, चहा टाकायच्या, पोहे करायच्या. पहिल्याच स्थळाला मी पसंत पडलो. संगणक कंपनीत काम करणारं एक जोडपं मला घेऊन गेलं. त्यांच्या खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर कबुतरं बसत. दुसऱ्याच दिवशी मला तो वास आला आणि घराण्याला शोभेल असा मी उभा राहिलो. पाय वर, शेपूट सरळ, पापणी लवत नाही. अशी दहा मिनिटं गेली.

“अगं, याला फिट आली!” घरातल्या सासूबाई ओरडल्या. एकाने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, दुसऱ्याने पाय चोळले. सासूबाईंनी जुन्या वळणाचा उपाय केला. त्यांनी दारातली कोल्हापुरी चप्पल आणून माझ्या नाकाला लावली. मित्रांनो, चामडं, घाम आणि रस्त्याची धूळ यांपुढे बिचाऱ्या कबुतराच्या वासाचं काय चालणार? मी शिंकलो आणि भानावर आलो. झालं! फिटच होती यावर शिक्कामोर्तब झालं. सहाव्या दिवशी मी परत बाईंकडे आलो.

बाई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रक्त तपासलं, ते उत्तम निघालं. डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, “पाहिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही.” आणि दवाखान्यात कबुतर नव्हतं. घरी मात्र गॅलरीच्या कठड्याखाली एक कबुतर रोज येऊन बसे. मी उभा राहिलो की बाई घड्याळ घेऊन माझ्यासमोर खुर्ची टाकत आणि वहीत लिहीत, ‘सकाळी आठ दहा. अवधी सात मिनिटं. शुद्ध हरपल्यासारखी. फेस नाही.’ गुडघ्यांमुळे त्यांना गॅलरीत वाकून खाली बघता येत नसे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कुठे बघतोय ते कुणीच बघत नव्हतं.

आता बाईंचा स्वभाव असा, की खोटं बोलायचं नाही आणि खरं लपवायचं नाही. नवं स्थळ आलं, की पोह्यांची बशी टेकवतानाच त्या सांगत, “याला फिट येते. आधी सांगितलेलं बरं.” माणसं घाईघाईने पोहे संपवत आणि ‘घरी विचारून कळवतो’ म्हणत. तीन घरं अशी गेली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

शेफाली रडकुंडीला आली. “मावशी, प्लीज! आधी त्याचे प्लस पॉइंट सांगा ना! किती क्यूट आहे, किती फ्रेंडली आहे...”

“ते त्यांना दिसतंच आहे. जे दिसत नाही ते सांगायचं. झाकून दिलेलं स्थळ टिकत नाही, शेफाली. परत आला तर याचंच मन मोडेल.”

दहा तारखेला आठ दिवस उरले. बाईंनी दवाखान्यात फोन करून तारीख पुन्हा पुढे जाईल का विचारलं. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर त्या नुसत्याच माझ्या डोक्यावर हात ठेवून बसल्या. तारीख पुढे गेली तर माझ्यामुळे त्यांचे गुडघे दुखत राहणार होते, आणि नाही गेली तर त्यांच्या गुडघ्यांमुळे मी पिंजऱ्यात जाणार होतो. त्या दिवशी मला फार भीती वाटली.

त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी खडकीहून उत्तरेश्वर आणि ललिताबाई आले. उत्तरेश्वर दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, मूळचे बार्शीकडचे. त्यांची मुलगी शिकायला नागपूरला गेलेली. ललिताबाई नवऱ्याच्या आग्रहाने आल्या होत्या. त्या पर्स मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या कडेला बसल्या.

बाईंनी बशी टेकवली. “याला फिट येते. आधी सांगितलेलं बरं.”

शेफालीने कपाळाला हात लावला. पण उत्तरेश्वरांनी पोह्यांना हात लावला नाही. त्यांनी विचारलं, “पडतो का हो?”

“नाही. उभा असतो. एक पाय वर.”

“फेस? थरथर?”

“काहीच नाही. मी लिहून ठेवलंय.”

वही आणायला बाई उठणार, एवढ्यात कठड्याखाली पंख फडफडले. वास आला. मी धावत गॅलरीच्या दारापर्यंत गेलो आणि थांबलो. पाय वर, शेपूट सरळ. मनात म्हटलं, गेरू, गेलं हेही घर. पण काय करणार? ते माझ्या हातात नव्हतं.

“बघा! आली!” बाई म्हणाल्या.

शेफाली माझ्याकडे धावली. ललिताबाई मागे सरकल्या. उत्तरेश्वर मात्र माझ्या बाजूला उकिडवे बसले. त्यांनी आपलं डोकं माझ्या डोक्याजवळ आणलं आणि माझी नजर जाते तिकडे पाहिलं. मग ते उठले, गॅलरीत गेले, कठड्यावरून वाकले आणि जोरात टाळी वाजवली.

कबुतर उडालं. माझी फिट उतरली. मी शेपूट हलवली.

“बाई,” उत्तरेश्वर हसत म्हणाले, “याला काय बी झालेलं न्हाई. हा खबर देतोय. आमच्या खात्यात नवीन माणसाला पहिली गोष्ट हीच शिकवतात. काही वेगळं दिसलं की जागेवर थांब, हात लावू नको, मागच्याला कळव. तरी पोरं ऐकत न्हाईत. आन हा बघा!”

बाई सावकाश खुर्चीत बसल्या. “चौतीस वर्षं मी मुलांना निरीक्षण शिकवलं,” त्या म्हणाल्या, “आणि या मुक्या जिवाची तीन चांगली घरं मी माझ्या हाताने घालवली.” आणि मग त्या हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला. मी बाईंच्या दुखऱ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि त्या ‘हळू रे मेल्या’ म्हणाल्या.

पण घर अजून मिळालं नव्हतं. आता ललिताबाई बोलल्या, “पोरगी गेल्यापासनं घर खायला उठतंय, खोटं कशाला बोलू. पण मी याला जीव लावायचा, आन तुमचं गुडघं बरं झाल्यावर तुम्ही म्हणणार, द्या माझा गेरू. मग मी काय करू?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“नाही मागणार,” त्या म्हणाल्या. “शब्द देते. तुम्हाला तो नकोसा झाला, तर मात्र कुठे सोडायचा नाही. माझ्याकडे आणायचा. तेव्हा माझे गुडघे कसे का असेनात.”

संस्थेच्या नियमाप्रमाणे एकवीस दिवस जमतंय का बघायचं, मग कागदावर सही. मी खडकीला आलो. इथे क्वार्टरसमोर मोकळं मैदान आहे, कारखान्याचा भोंगा आहे आणि गवतात टिटव्या आहेत. चौथ्या दिवशी मी मैदानात मधोमध थिजलो. ललिताबाईंनी माझी दोरी सैल धरली आणि समोर नजर लावून जपून पावलं टाकली. पुढे मातीत टिटवीची चार ठिपकेदार अंडी होती, खड्यांतच मिसळून गेलेली. त्यांनी कुठूनतरी विटा आणून अंड्यांभोवती जरा अंतरावर मांडल्या, म्हणजे कुणाचा पाय पडायला नको. त्या दिवशी माझ्या ताटलीत भाकरीवर दूध जास्त होतं.

बाविसाव्या दिवशी ललिताबाईंनी पिशवी भरली. तिच्यात माझी ताटली होती. माझी चादर होती. रिक्षा कर्वेनगरच्या ओळखीच्या गेटापाशी थांबली. परत! मी कुठे चुकलो? जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मी फतकल मारली. उत्तरेश्वरांनी मला उचलून वर नेलं.

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवी पाहिली, तिच्यातून डोकावणारी चादर पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. “या,” एवढंच त्या म्हणाल्या.

ललिताबाई बसल्या बसल्या सुरू झाल्या. “बाई, ह्यानं माझी नवी पायपुसणी फाडली. भोंगा वाजला की सोबत रडतो. कॉटवर माझ्या जागेवर झोपतो, आन मला भिंतीला लावतो.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “शब्द दिलाय मी. ठेवा त्याचं सामान तिथे.”

“सामान? अवं, ते दिवसभरासाठी आणलंय! ह्याला दुसऱ्या ताटलीत जेवण जात न्हाई. तुम्हाला जिना उतरवत न्हाई म्हणून सही करायला आम्हीच आलो. परत द्यायला कोण आलंय!”

मित्रांनो, बाईंनी वॉकरवरचा एक हात सोडून पदर डोळ्यांना लावला. मी तर अंगणभर धावावं तसा त्या दोन खोल्यांत धावलो. आधीच येऊन थांबलेल्या शेफालीने कागद पुढे केला आणि दोघांनी सह्या केल्या.

संध्याकाळी आम्ही निघालो. मी ललिताबाईंच्या पुढे धावत जिना उतरलो, रिक्षात उडी मारली आणि माझ्या चादरीवर बसलो. कारण घरी जायचं होतं. बाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या होत्या हे मला पुढे शेफालीकडून कळलं. त्यांनी मला हाक मारली नाही.

मित्रांनो, तुमच्या शहरात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. घर शोधत असाल तर आम्हाला भेटायला या. आमचे दोष आधी विचारा, आणि मग घाई न करता थोडा वेळ आमच्याजवळ बसा. आणि कुणी तात्पुरतं सांभाळणारं भेटलं, तर त्या माणसाला नमस्कार करा. कारण रिक्षा वळेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या, आणि शेफालीने विचारलं, “मावशी, वाईट वाटतंय का?” तेव्हा त्या म्हणाल्या, “छे. एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्याने. तेवढ्यासाठीच तर सांभाळला होता.”