चंदर नमक यांचं मेज

मी चंदर नमक यांचं मेज बोलतोय. पालेगावात टॉवरांच्या मधे एक बैठं घर उरलं आहे, त्याच्या खिडकीपाशी मी असतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनचा. तिथे टहलराम नावाच्या सिंधी गृहस्थांचं फर्निचरचं दुकान होतं. सिंधमध्ये शाळेत असताना ते उर्दू शिकले होते, पण आता त्यांच्याशी उर्दूत बोलणारं घरात कुणी नव्हतं. एकदा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत कामाला असलेला एक आगरी तरुण खाट घ्यायला आला आणि भिंतीवरच्या चौकटीतल्या शेराकडे बघत उभाच राहिला.

"सीखेगा?" टहलरामांनी विचारलं.

तो चंदर. पुढे दर सुट्टीला तो दुकानात येऊन बसायचा. त्याने पहिली गझल पुरी केली तेव्हा टहलरामांनी सागवानाच्या उरलेल्या फळ्यांतून मला बनवून घेतलं. लिहिताना मान दुखू नये म्हणून वरची फळी उतरती ठेवली आणि मला टेम्पोत चढवून पालेगावला धाडलं.

चंदरचे आजोबा मिठागरावर राबलेले, म्हणून त्याने कवी म्हणून ‘नमक’ हे नाव घेतलं. मुशायऱ्यात लोक ते नाव ऐकून आधी हसत, मग गप्प होऊन ऐकत, असं तो घरी सांगायचा.

त्याची बायको काशी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाणारी बाई. गावात इमारती आल्या, लग्नं हॉलमध्ये गेली, डीजे आला, तसं काशीला बोलावणं येईनासं झालं. मग चंदर तिचे धवले उर्दूत आणायला बसला. ती मासळी साफ करता करता गायची, हा माझ्यावर वाकून लिहायचा.

"तुमच्या त्या उलट्या अक्षरांत माझा काय हाय, मना काय कलतंय?" ती म्हणायची. पण शब्दाचा अर्थ तिने कधी विचारला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. चंदर निवृत्त झाला, केस पिकले. गेल्या वर्षी एका सकाळी लिहिता लिहिता त्याच्या हातून पेन सुटलं आणि तो माझ्यावरच कलंडला. अर्धांगाचा झटका होता. इस्पितळातून परत आला तेव्हा त्याचा डावा हात आणि पाय हलत नव्हते. वाचा शाबूत होती. पण डावीकडचं जग त्याच्यापुरतं संपलं होतं. ताटातला उजवीकडचा भात खायचा आणि हात धुवायला मागायचा. काशी ताट फिरवून ठेवायची.

मग त्याने स्वतःची गझल मागितली. उर्दू उजवीकडून सुरू होते. त्याने प्रत्येक ओळ निम्मी वाचली आणि सोडून दिली. गझलेचं यमक ओळीच्या शेवटी असतं, म्हणजे डावीकडे. एकाही ओळीचं यमक त्याला दिसलं नाही.

"कुनी लिवलंय ह्ये?" त्याने विचारलं. "जुलतच नाय."

कागद त्याने बाजूला सारला. दुःख नाही, चीड नाही. मला त्याचा हात नेहमीइतकाच जड लागला.

बदलापूरला दिलेली मुलगी तेजस्वी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना घेऊन आली. त्यांच्या सांगण्यावरून काशीने माझ्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. "ती दिसेपर्यंत वाचा," ती सांगायची. हळूहळू त्याची मान वळू लागली. एके दिवशी ओळीचा शेवट सापडला.

"कसं वाटतं, बाबा?" तेजस्वीने विचारलं.

"काय नाय वाटत," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

उजवा हात चालत होता, पण लिहिताना ओळ अर्ध्यावरच थांबायची. म्हणून काशी गायची, तो उर्दूत सांगायचा आणि तेजस्वी मोबाईलवर रेकॉर्ड करायची. हळदीचा धवला राहिला होता. काशीने म्हटलं, "नवरीला हलद लागली, आंग सोन्याचा झायला."

त्याने तिच्याकडून ती ओळ पुन्हा म्हणवून घेतली. मग म्हणाला, "निस्फ़ तन पर हल्दी आई, निस्फ़ किस घर रह गया."

काशीने हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं.

"निस्फ म्हंजे काय वं?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"अर्धा," तो म्हणाला. "अर्ध्या आंगाला हलद लागली. उरलेला आंग कंच्या घरी ऱ्हायला?"

"ह्या माझ्या गान्यात नाय."

"नाय. ह्यो माझा हाय."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. काशी रडली नाही. उठून त्याचा डावा हात तिने उचलला, माझ्यावर नीट ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. त्याला ते कळलं नाही.

"पुढचा म्हना," ती म्हणाली.

आता मी फारसा कामाचा नाही. माझ्यावर कागदांऐवजी औषधं असतात. कोणी भेटायला येतं, डावीकडच्या खुर्चीत बसतं, बोलतं, आणि उत्तर न मिळाल्याने वाईट वाटून उठून जातं. तुम्ही आलात, तर खुर्ची उचलून उजवीकडे घ्या. तो तुमच्याशी बोलेल.