सहावी सोडली

महिपत रागावला की आधी चप्पल शोधतो. जायचं कुठे, ते चप्पल सापडल्यावर ठरतं. शुक्रवारी दुपारी मात्र पंचाईत झाली. चप्पल पायातच होती आणि जायला जागा नव्हती, कारण तो आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटीत होता आणि चारी बाजूंना खाडीचं पाणी होतं.

तसा तो निघाला होता अगदी खुशीत. रविवारी एकुलत्या एक पोरीचा, प्रांजलीचा, साखरपुडा. मुरूडहून नवा सदरा घेऊन तो बोटीत एका टेम्पोच्या सावलीला टेकला होता. टेम्पोच्या पलीकडे ओळखीचा आवाज आला. सुजित! होणारा जावई. याच बोटीवर इंजिन मेकॅनिक. मोबाईल कानाला लावून तो इंजिनाच्या वरताण ओरडत होता.

आता एक गोष्ट तुमच्या कानावर घालून ठेवतो. सुजित गिटार वाजवतो. महिपतला मात्र हे कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण त्या घरात वाद्याचं नाव काढायची सोय नव्हती. तरुणपणी महिपत गायन पार्टीत बेंजो वाजवायचा, आणि असा वाजवायचा की गाणारे गायचं विसरत. मग कंपनीतल्या मशीनने डाव्या हाताची दोन बोटं नेली. बेंजो माळ्यावर गेला, आणि त्याचा विषय कोणी काढला की हा चप्पल शोधायला लागायचा.

तर महिपत "अहो जावई" म्हणून हाक मारणार, तोच पलीकडून आलं, "सन्या, सहावीला सोडली रे मी! एकदम खाली सोडली. आता कशी गपगार आहे!"

महिपतने हाक गिळली.

"पहिलीला जरा जास्त ताणली, तर तुटली ना ती! मग अलिबागवरून नवीन आणली. दुसरी जुनीच आहे, पण हात लावला की किंचाळते. चौथी-पाचवीचा काय त्रास नाय, त्या होत्या तिथे बऱ्या. वांदा तिसरीचा आहे. तिसरीशी माझं जुळतच नाय बघ!"

महिपतच्या हातातली सदऱ्याची पिशवी खाली पडली.

"साखरपुड्यात सगळ्या एकदम छेडायच्या आहेत. एकीने पण बोंब मारता कामा नये! प्रांजली? तिला सगळं माहीत आहे रे. सहावीला सोड, असं तीच बोलली."

बेंजोच्या तारांना कोणी पहिली-दुसरी म्हणत नाही हो. त्या बिचाऱ्याला काय कळणार? दिघी येईपर्यंत त्याने टेम्पोच्या चाकाला दोन लाथा घातल्या. पोरीसाठी किती स्थळं पाहिली, किती परत पाठवली, आणि शेवटी पदरात पडलं हे! त्याला रडायलाच येत होतं.

घरी तो चपलांसकट आत शिरला. प्रांजली साड्यांच्या घड्या घालत होती.

"सहावीचं तुला माहीत हाय?"

प्रांजलीचा चेहरा पडला. गुपित फुटलं म्हणायचं. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरं हाय!"

"सहावीला सोड, असं मीच म्हटलं. तिचं बाकीच्यांशी पटतच नव्हतं."

"आणि बाकीच्या पाच?"

"त्या राहू देत की, बाबा. त्यांच्याशिवाय कसं होणार?" असं म्हणून ती सुजितला फोन लावायला परसदारी पळाली.

महिपत मटकन खाली बसला. चुलीजवळून त्याची बायको भिमाबाई आली. "काय झालं वो?"

"लग्न मोडलं. जावयाला सहा बाया हायत. एक सोडली, एक अलिबागवरून नवीन आणली, आणि एक हात लावला की किंचाळते."

"सहा?" भिमाबाईने पदराला हात पुसले. "तुमच्यासमोर त्याच्या तोंडातून दोन शब्द फुटत न्हाईत. सहा बायांशी काय बोलतो वो तो?"

"तू मधे पडू नको!" महिपतने तिथल्या तिथे फोन लावला. "सुजित, उद्या सकाळी घरी ये. आणि सगळ्यांना घेऊन ये!"

प्रांजलीने त्याला नुकतंच सांगितलं होतं, बाबांना कळलं म्हणून. सुजितचा जीव भांड्यात पडला. "आणतो, मामा. मला वाटलं तुम्ही रागवाल. सहावीला परत चढवू का?"

महिपतने फोनच बंद केला. एवढा निर्लज्ज माणूस त्याने जन्मात बघितला नव्हता.

शनिवारी सकाळी तो ओटीवर चपला घालूनच बसला होता. आत भिमाबाईने चहाचं मोठं पातेलं ठेवलं होतं. बाया कशाही असल्या तरी दारात आलेल्याला चहा नको का? सुजित मोटरसायकलवरून एकटाच आला. पाठीला काळी पिशवी.

"कुठं हायत सगळ्या?"

"ह्या काय, मामा." त्याने चेन ओढली आणि गिटार बाहेर काढली.

महिपतने गिटारकडे बघितलं. मग तारा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. तेवढ्यात भिमाबाई भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिनेही मोजल्या, आणि पदर तोंडाला लावून तशीच भिंतीला टेकली. कप खडखडायला लागले.

सुजितला हसण्याचं कारण कळेना. तो घाईघाईने सांगत सुटला. "मामा, प्रांजली बोलली तुमच्या बेंजोचं. म्हटलं, बोटंच लागणार नाहीत अशा तारा लावून बघू. दोन महिने हेच चाललंय. कोणाला चढवतोय, कोणाला उतरवतोय. आता नुसत्या छेडल्या तरी सूर भरतो. गिटार बेंजोसारखी आडवी मांडीवर घ्यायची, आणि डाव्या हाताने ही फिरवायची." त्याने खिशातून पिस्टनची पिन काढली, घासून आरशासारखी केलेली. "उद्यासाठी गाणं केलंय. मधली जागा मोकळी ठेवलीय. ती तुमची."

"मला न्हाय वाजवायचं!" महिपत ताडकन उठला आणि चप्पल शोधायला लागला. चप्पल पायातच होती. शोधायला काहीच उरलं नाही, म्हणून तो परत बसला.

सुजितने गिटार हळूच त्याच्या मांडीवर ठेवली. उरलेल्या बोटांत पिन धरून महिपतने ती तारांवरून सरकवली. शेपटीवर पाय पडल्यावर मांजर ओरडतं तसा आवाज निघाला.

"हीच का ती किंचाळणारी?" भिमाबाईने विचारलं.

महिपतने पिन जरा हलकी धरली आणि पुन्हा सरकवली. या वेळी सूर लांबवर गेला आणि हळूच खाली उतरला. आत प्रांजलीच्या हातातली साडी तशीच राहिली. महिपतच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. त्याने पुसलंही नाही. तो वाजवत राहिला.

"मग? मोडायचं ना लग्न?" भिमाबाई म्हणाली.

त्याचं लक्षच नव्हतं. त्याने मान तिरकी केली, एकच तार छेडली, कान लावून ऐकली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"सुजित, तिसरीशी तुझं जुळत न्हाय म्हणत होतास ना?"

"नाय जुळत, मामा."

"जुळंल कसं? चढलीय ती. उतरव जरा."