अन्नावर चाक

नरोलीच्या चाळीमागच्या मैदानावरून आक्काबाई आणि तिची नात कावेरी यांचं होळीपासून फाटलं होतं. आजीला तिथं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायचे असत, नातीला खो-खो खेळायचा असे. मुलाच्या नोकरीपायी चाळीसगाव सुटलं, तरी म्हातारीचा उन्हाळा ज्वारीच्या बिबड्यांवाचून सरत नसे, आणि पोरींचा एखादा पाय त्यात पडल्यावाचून दिवस जात नसे. मग काठी, शिव्या, पळापळ! सारी चाळ हसायची.

एकोणीसशे ब्याण्णव साली पोरी अंतिम सामन्यात पोचल्या. सामना दादऱ्याच्या संघाशी आणि तोही घरच्या मैदानावर. आदल्या दिवशी शाळेत खेळ शिकवणाऱ्या मंगलाबाई तोंड पाडून चाळीत आल्या. कारखान्याच्या ठेकेदाराने मैदानात ट्रक लावायचं ठरवलं होतं.

"सकाळी मैदान अडलं, तर सामना न खेळताच दादऱ्याला जाईल," त्या म्हणाल्या.

कावेरी भिंतीकडे तोंड करून रडली. वर्षभर ती या एका सामन्यासाठी धावली होती.

आक्काबाईची ज्वारी भिजवून, दळून तयार होती. झुंजूमुंजू झालं तशी तिनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि बायांना हाक मारली. ज्या घरी बिबडे, तिथं सगळ्यांनी हात लावायचा, ही गावाकडची रीतच. मैदानात गाडी शिरायला एकच तोंड होतं. तिथं बायांनी जुन्या साड्या अंथरल्या आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत बिबडे थापले, तेही एकमेकांपासून चांगले हातभर लांब. म्हातारीला आज एवढी ऐसपैस जागा कशाला लागली, हे तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं.

ट्रक आले. पहिल्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग खाली उतरला.

"अन्न पे चाक चढाएगा क्या रे भाऊ?" आक्काबाईने विचारलं.

त्याने ओल्या बिबड्यांकडे पाहिलं, कानाला हात लावला आणि गाडी बाजूला घेतली. मागच्यांनीही तेच केलं. ठेकेदार आला, तडतडला. पण अन्नावर चाक घालायला एकही ड्रायव्हर तयार होईना.

पोरी कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या. खांब उभे राहिले, फक्की पडली. आणि काय खेळल्या म्हणून सांगू! ड्रायव्हर टपावर चढून ओरडत होते. शेवटी दादऱ्याची एकच खेळाडू उरली. ती बाद झाली की सामना नरोलीचा, आणि वेळ तर संपत आलेली. कावेरीला खो मिळाला. ती अशी झेपावली की बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली आणि ही छाती घासत मातीत गेली. शिट्टी वाजली. नरोली जिंकली!

आक्काबाईने धावत जाऊन धुळीने माखलेल्या नातीला कवटाळलं आणि सगळ्यांसमोर हमसून रडली.

"माँजी, ये पापड कब उठेगा?" ठेकेदार अजून ताटकळत उभाच होता.

"सांजले उठी. पन तुन्या गाड्या आठे नको लावू. हाई जागा पोरीस्नी शे," आक्काबाई मैदानाकडे हात करत गावाकडच्या बोलीत म्हणाली.

"अन् आपला बिबडा?" शेजारच्या मंजुळाबाईने घाबरून विचारलं.

"घरना पत्रावर," आक्काबाई डोळे पुसून घराच्या छपराकडे बोट करत म्हणाली. "आते मी बी आठे नही टाकस."