बंडप्पाच्या नावाखालची पट्टी

देवश्रीची पुण्याची गाडी रविवारी सकाळी सातची होती, आणि गुरुवार उजाडला तरी सास्तूरच्या शेळीवाल्यांची चर्चेची जागा ठरली नव्हती. बलभीमतात्यांना भाकर गोड लागेना.

तात्यांची वेबसाइट होती. म्हणजे केली होती नातीनं, देवश्रीनं, पण नाव तात्यांचं. तात्या सत्तरी ओलांडलेले. सगळा जन्म शेळ्यांमागं गेला आणि अक्षर ओळखीचं झालं पंचावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. शेळीचं वय कसं ओळखावं, बोकड कसा निवडावा, पिलांना काय घालावं, अशी चार पानं त्यांनी वळणावळणानं लिहिली आणि देवश्रीनं ती इंटरनेटवर चढवली. ते वाचून लांबलांबची माणसं फोन करू लागली. फोन उचलून उचलून बेजार झाले तेव्हा तात्यांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला, आणि तिथं घात झाला.

उमरग्याकडच्या सिद्धम्मानं एका दुपारी ग्रुपवर विचारलं, शेळीचं पोट फुगलंय, काय करू? बंडप्पानं तीन मिनिटांत बोलून उत्तर पाठवलं. पण नेमका त्याच वेळी कुणाचा तरी वाढदिवस निघाला. उत्तरावर सत्तेचाळीस केक आणि गुलाबांचे गुच्छ येऊन पडले. सिद्धम्माला उत्तर सापडलं दुसऱ्या दिवशी. तोवर शेळी गेली होती.

बंडप्पा म्हणजे तात्यांचा पन्नास वर्षांचा सोबती. तात्यांना शेळीतलं चार पानांचं ठाऊक असेल तर बंडप्पाला चाळीस पानांचं. पण तो लिहीत नसे. बोलत असे, आणि बोलण्यापेक्षा जास्त रुसत असे. त्याच्या डोक्यातलं उत्तर जिथं टिकून राहील आणि गरजेला सापडेल अशी जागा तात्यांना हवी होती. आणि देवश्री नोकरीवर गेली की ती जागा त्यांना एकट्यालाच सांभाळायची होती.

“तात्या, तुम्हाला फोरम पाहिजे,” देवश्री म्हणाली. “प्रत्येक प्रश्न वेगळा. त्याची उत्तरं त्याच्याच खाली. मधे कुणाचा केक येत नाही.”

“म्हंजे एका शेळीला एक खुंटा,” तात्या म्हणाले. “समजलं. आन की मग.”

तिनं फुकटातली तीन सॉफ्टवेअर हुडकली. त्यांची इंग्रजी नावं तात्यांच्या जिभेवर बसेनात. म्हणून ज्याच्या पानाला वर जो रंग, त्यावरून तात्यांनी नावं ठेवली. एक तांबडा, एक कबरा, एक काळा.

“तात्या, ही सॉफ्टवेअरं आहेत, बोकडं न्हायत.”

“असू दे. वय काय तेंचं?”

“तांबडा दोन वर्षांचा. कबरा सात. काळा वीस-बावीस.”

“बावीस!” तात्यांनी तोंडाला हात लावला. “तेचं दात पडलं असतील.”

“दिसायला तसाच आहे. शेवटी बघू त्याला.”

गुरुवारी संध्याकाळी सिदूच्या मोबाइलच्या दुकानासमोर तांबड्याची परीक्षा ठेवली. एकोणीस माणसं जमली. तांबडा दिसायला देखणा, चकचकीत. पण त्याला दारातच ईमेल लागत होता. तात्यांनी दिला. मग व्यंकट नावाच्या तरण्या शेळीवाल्यानं दिला. तांबडा म्हणाला, हा ईमेल आधीच वापरलेला आहे. कमलबाईंनी, म्हणजे तात्यांच्या मालकिणीनं, दिला. तांबडा पुन्हा तेच म्हणाला.

देवश्रीनं सगळ्यांचे फोन हातात घेऊन पाहिले. एकोणीसच्या एकोणीस फोनांत एकच ईमेल होता, सिदूचा.

“सिदूकाका, हे काय केलंत?”

सिदू पंचेचाळिशीचा माणूस. त्यात काही चुकलं असं त्याला वाटलं नाही. “आगं, नवा फोन घेतला की माणूस इथंच येतंय. दर येकाला येगळा काढून दिला तर पासवर्ड कुणाच्या ध्यानात ऱ्हातोय? त्यापरीस माझाच टाकतोय. गावात आजवर कुणाची तकरार न्हाय.”

तक्रार नव्हती हे खरं. कमलबाईंच्या फोनमध्ये व्यंकटच्या मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो यायचे, आणि व्यंकटच्या फोनमध्ये कमलबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट लग्नाला जायचं राहून गेलेल्यांना बरंच पडलं होतं.

“थांबा,” सिदू म्हणाला, “पासवर्ड मला ठाव हाय,” आणि त्यानं साऱ्यांना तात्यांच्याच नावानं आत सोडलं. अर्ध्या तासात पानावर मजकूर दिसू लागला. बलभीमनं विचारलं होतं, शेळी चारा खात नाही. बलभीमनं उत्तर दिलं होतं, तुझं लक्ष नाही. बलभीम म्हणाला, तू गप बस. बलभीम म्हणाला, बोकड कुणी विकतंय का? बलभीम म्हणाला, जेवायला या, वांगं केलंय. हे शेवटचं कमलबाईंचं होतं.

“म्हंजे आमी एकोणीस जण मिळून एकच मानूस व्हय?” व्यंकट म्हणाला.

“तांबड्याच्या लेखी, व्हय,” देवश्री म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी तात्यांच्या ओट्यावर कबरा. याला ईमेल नको होता, मोबाइल नंबरवर चालत होता. माणसं भराभर आत गेली, प्रत्येक जण आपापल्या नावानं. तात्यांना वाटलं, जमलं. दूध काढून झाल्यावर बंडप्पाही आला. त्याचा नंबर देवश्रीनं घातला, नाव उमटलं आणि नावाखाली एक हिरवी पट्टी आली.

“काय लिव्हलंय तितं?” बंडप्पानं विचारलं.

देवश्रीनं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी चष्मा पुसला, मुद्दाम सावकाश. व्यंकटच्या पोटात मात्र काही राहत नव्हतं.

“नवशिका,” त्यानं मोठ्यानं वाचलं.

बंडप्पा व्यंकटकडं वळला.

“आन तुज्या नावाखाली काय हाय?”

“महागुरू,” व्यंकट म्हणाला, जरा लाजून.

व्यंकट अठ्ठावीस वर्षांचा. गेल्या दिवाळीत त्यानं सहा शेळ्या घेतल्या होत्या आणि त्यातल्या एकीला तो अजून भीत होता. पण दुपारपासून त्यानं दिसेल त्या मजकुराखाली ‘छान’, ‘मस्त’, ‘लई भारी’ असं लिहून ठेवलं होतं. कबऱ्याचा हिशेब साधा होता. जो जास्त लिहील तो मोठा.

“बंडप्पाकाका, ते यंत्र आपोआप लिहितं,” देवश्री म्हणाली. “माणसाला बघून नाही.”

“यंत्राला शेळ्या किती हायत्या?”

“एकबी न्हाय,” तात्या म्हणाले.

“मग तेनं कोन नवशिका आन कोन गुरू हे कशाला सांगावं?” बंडप्पा उठला, धोतर झटकलं. “बलभीमा, लग्नात फेटा नाय बांदला तरी मी पंगतीला बसलो असतो. पर फेटा म्हनून फडकं बांदलंस तू.”

“आरं, मी बांदलं न्हाय!”

“घर तुजं हाय न्हवं?” असं म्हणून तो गेला. घरी जाऊन त्यानं फोन बंद केला. त्याच्या सुनेनं नंतर सांगितलं, फोन धान्याच्या कोठीत टाकलाय.

कमलबाईंनी तात्यांना जेवताना सोडलं नाही. “तुमच्या परीस ते केक बरं हुतं. बंडप्पा त्येच्यात बोलत तरी हुता.”

देवश्रीनं कबऱ्याची पट्टी काढायची खटपट केली. निघेना, ती आतच शिवलेली होती. शनिवारी सकाळी तिनं काळा उघडला. काळा म्हणजे रेशनकार्डाचा अर्ज कुणीतरी इंटरनेटवर टाकावा तसा. चित्र नाही, रंग नाही, रेघा आणि चौकोन. तात्यांनी त्याच्याकडं बाजारात बघतात तसं मागून-पुढून पाहिलं.

“ह्याला ईमेल?”

“नको. तुम्ही स्वतः माणूस आत घ्यायचा.”

“आन पट्टी?”

“पट्टी रिकामी ठेवलीय. तुम्ही हातानं लिहायची. दर माणसाची वेगळी. आणि हे बघा, याची बटणं कुणीतरी मराठीत करून ठेवलीत.”

तात्यांचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ राहिला नाही. पट्टी हातानं लिहायची आहे ही बातमी दुपारच्या आत गावभर झाली आणि माणसं दारात येऊ लागली. व्यंकटला महागुरू तसंच राहू द्यायचं होतं, कारण त्यानं सासरी फोटो पाठवला होता. सिदूला ‘तांत्रिक सल्लागार’ पाहिजे होतं. सोसायटीच्या माजी चेअरमननं, ज्यांच्याकडं एकही शेळी नव्हती, ‘मार्गदर्शक’ लिहा म्हणून चिठ्ठी धाडली. एकाला दिलं की दुसरा रुसणार हे तात्यांना उघड दिसत होतं. न द्यावं तर सगळेच रुसणार.

“कायबी लिवू नका,” देवश्री कंटाळून म्हणाली. “रिकामी ठेवा.”

“रिकामी ठिवली तर बंडप्पा म्हनंल, मला पुसून टाकलं.”

कमलबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मोटेपन कशाला लिवताय? कोन शेळ्या कवापासून राकतंय, तेवडं लिवा. त्ये समद्या गावाला ठाव हाय. त्येच्यात खोटं बोलाय जागा न्हाय.”

तात्यांनी बायकोकडं पाहिलं. पन्नास वर्षांत त्यांनी असं तीनदा पाहिलं असेल.

मग ते एका बोटानं लिहायला बसले. देवश्रीनं हात लावायचा नाही अशी अट त्यांनीच घातली. व्यंकट, गेल्या दिवाळीपासून. सिदू, शेळी नाही, दुकान आहे. चेअरमनना आत घेतलं नाही. कमलबाई, १९७४ पासून. बंडप्पा, १९६४ पासून. एवढ्याला तीन वाजले. व्यंकट पट्टी वाचून जरा हिरमुसला, पण तात्यांनी ‘खोटं हाय का?’ विचारल्यावर ‘न्हाय’ म्हणाला.

तात्या फोन घेऊन बंडप्पाच्या घरी गेले. बंडप्पा दोर वळत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“वाचून दावतो,” तात्या म्हणाले, आणि बोट ठेवून वाचलं, “बंडप्पा. सन एकोणीसशे चौसष्टपासून.”

दोराचे दोन पीळ पडले.

“त्रेसष्ट,” बंडप्पा म्हणाला. “पोळ्याच्या आदल्या बाजारात बानं न व्यालेली पाट शेळी घिऊन दिली मला. आठ वर्साचा हुतो. चौसष्टात ती व्याली.”

“मग त्रेसष्ट करतो.”

“कर. हितंच कर. मी बगतो.”

तात्यांनी चष्मा चढवला. देवश्री घरी होती. त्यांनी चौकोन शोधला, नाव शोधलं, चारावर बोट ठेवलं. एकदा सगळी पट्टीच पुसली गेली. बंडप्पा म्हणाला, “आता मी कवापासूनच न्हाय व्हय?” पण शेवटी त्रेसष्ट उमटलं. बंडप्पानं सुनेला हाक मारली आणि कोठीतून फोन काढायला सांगितला.

रविवारी सात वाजता देवश्री गेली. जाताना वहीत चार गोष्टी लिहून दिल्या. माणूस आत कसा घ्यायचा, पट्टी कशी लिहायची, घाण मजकूर कसा पुसायचा, आणि अडलं तर मला फोन करायचा.

अकरा वाजता तामलवाडीच्या लक्ष्मीबाईंचा प्रश्न आला. त्या जुन्या ग्रुपातल्याच. तात्यांनी आदल्या संध्याकाळी त्यांना आत घेतलं होतं. शेळीला दोन पिलं झालीत, एकाला पाजते, दुसऱ्याला शिंगानं ढकलते. पहाटेपासून ते उपाशी आहे, काय करू?

तात्या धावतच बंडप्पाकडं गेले. व्यंकट तिथंच बसलेला होता. बंडप्पानं सांगितलं आणि तात्यांनी त्याच्याच फोनवर एका बोटानं लिहिलं. शेळीचंच दूध काढा. ते ढकललेल्या पिलाच्या पाठीला आणि शेपटाखाली चोळा. शेळीला आखूड बांधा आणि पिलू स्वतः धरून लावा. दिवसातून चार-पाच वेळा करा. आधी चमच्यानं थोडं पाजा, तोवर मरू देऊ नका. पिलू गार पडलं असेल तर थांबू नका, डॉक्टरला बोलवा.

तीन हातांवर बसलेल्या व्यंकटनं आपल्या फोनवरून खाली लिहिलं, ‘मीठ चोळा.’

“बलभीमा, लिव,” बंडप्पा म्हणाला. “मीठ भाजीला घालत्यात.”

व्यंकटनं लिहिलं, ‘व्हिडिओत दाखवलंय.’

“लिव. व्हिडिओत तुजी शेळी तुला बगून पळते त्येबी दावलं का?”

“काका, तोंडानं बोला की, मी हितंच हाय!”

“तू तोंडानं बोललास का? लिवलंस. मीबी लिवनारच.”

तात्यांचं बोट दुखू लागलं. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, बंडप्पाचं पहिलं उत्तर पडद्यावरून वर सरकत चाललं होतं. त्याच्या खाली मीठ, व्हिडिओ, व्यंकटची शेळी, ढोकीच्या कुणाचं तरी ‘छान’, अशी दहा-बारा उत्तरं साचली होती. तामलवाडीत एक बाई पिलू मांडीवर घेऊन हेच वाचत बसली असणार. तात्यांनी देवश्रीला फोन लावला, लागेना. वहीत भांडणाबद्दल काही नव्हतं.

त्यांनी चष्मा वर ढकलला आणि आपल्या फोनातल्या पानावरची सगळी बटणं एकेक करून वाचायला सुरुवात केली. अक्षर अक्षर जोडून. तिसऱ्या ओळीत त्यांना पाहिजे ते सापडलं. त्यांनी भांडणाची उत्तरं एकेक खूण करून घेतली आणि बटण दाबलं. लक्ष्मीबाईंच्या प्रश्नाखाली बंडप्पाचं एकटं उत्तर उरलं. बाकीचं सगळं दुसऱ्या खुंट्याला गेलं. त्याला नाव द्या असं काळा म्हणाला, तेव्हा तात्यांनी दिलं, ‘मीठ’.

“आमचं कुटं गेलं?” बंडप्पा आणि व्यंकट एकदमच म्हणाले.

“शेजारी. तितं भांडा. दिवसभर भांडा.”

दोघं लगेच तिकडं गेले.

एक वाजता लक्ष्मीबाईंनी लिहिलं, पिलू लागलं आचळाला. शेळी त्याची पाठ चाटतीय. तात्यांनी ते बंडप्पाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा बंडप्पानंच मागितलं.

दोनच्या सुमाराला देवश्रीचा फोन आला. गाडी इंदापूरच्या पुढं गेली होती.

“तात्या, मी आत्ता बघितलं. ती उत्तरं वेगळी कुणी काढली? सिदूकाकांनी?”

“म्या.”

“मी तर शिकवलं नव्हतं तुम्हाला!”

“बटनावर लिव्हलं हुतं, ‘विषय वेगळा करा’,” तात्या म्हणाले. “मला वाचता येतंय की, पोरी. बरं, ठिव आता, हितं दोन सवाल आल्यात.”